चतुःसीमाकाकांचा जिना

चतुःसीमाकाकांना माणसाचं नाव विचारायची सवय नव्हती. समोर कोणी नवीन येऊन बसलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "तुमच्या पूर्वेले कोन?" माणूस गोंधळून जायचा. काकांना हवं असायचं ते एवढंच, की त्याच्या घराच्या पूर्वेला कोण राहतं, पश्चिमेला काय आहे, दक्षिणेला रस्ता आहे की गोठा, आणि उत्तरेला कोणाची भिंत. चारही बाजू कळल्या की त्यांच्या मनात त्या माणसाला जागा मिळायची. मग नाव विसरलं तरी चालत असे. चिखलीच्या बाजारात असा कोणी दिसला की ते लांबून हाक मारत, "अहो, पूर्वेले विहीर!" आणि तो माणूस खरोखरच थांबायचा.

ते अर्जनवीस होते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, भाडेचिठ्ठ्या लिहून देणं हा त्यांचा व्यवसाय. मिळकत कोणतीही असो, तिच्या चारी बाजूंना काय आहे हे कागदात लिहावंच लागतं, त्यालाच चतुःसीमा म्हणतात. तीस वर्षं ते लिहून लिहून काकांना जगच तसं दिसू लागलं होतं. एकदा ते पुतण्यासाठी मुलगी पाहायला हिवरा आश्रमाकडच्या एका गावी गेले. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? काका म्हणाले, "पूर्वेले चिचेचं झाड हाय, दक्षिनेले मारोती. जागा चांगली हाय." मुलीबद्दल त्यांना एक अक्षर सांगता येईना. लग्न मात्र झालं, आणि सून गुणी निघाली, तेव्हापासून काका आपली पद्धत अचूक असल्याचं सगळ्यांना सांगू लागले.

मी त्यांच्याकडे गेले ती जागा मागायला. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. सरकारी कारभार मराठीत येणार अशी बोलवा होती. माझं माहेर अकोल्याचं. तिथं मी टायपिंग शिकले होते आणि लग्नात वडिलांनी कपाटाऐवजी मराठी टाइपरायटर दिला होता. यजमान चिखलीला शाळेत मास्तर. आमच्या एका खोलीत मशीन खडखडू लागलं की घरमालकीण दारात येऊन कपाळ धरून उभी राहायची. म्हणून कचेरीजवळ एखादा कोपरा भाड्याने मिळतो का, ते मी पाहत होते. दोन जागी तर मला काही विचारलंच नाही. यजमानांकडे पाहून "बाईमाणसाले कचेरीपाशी कशाले पाहिजे जागा?" म्हणाले आणि विषय संपला.

काकांनी मात्र मलाच विचारलं. आधी अर्थातच माझ्या पूर्वेला कोण ते. मग म्हणाले, "मशीनचा आवाज किती होते?" मी सोबत नेलेलं मशीन टेबलावर ठेवून चार ओळी बडवून दाखवल्या. ते कान देऊन ऐकत होते. "चालते. खाली ढेपीचं दुकान हाय, हमाल दिवसभर वरडतात. तुमचा आवाज त्यांच्याहून बरा." एवढ्यावर मला जागा मिळाली. आजही त्या चार ओळींची आठवण झाली की मला हसू येतं आणि डोळेही भरतात.

ती जागा म्हणजे बाजारपेठेतल्या एका इमारतीची माडी. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, तसे तिथं पाच खण होते. पूर्वी काका रजिस्ट्री कचेरीच्या भिंतीला टेकून, निंबाच्या झाडाखाली, उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात घेऊन बसत. पन्नाशीला आल्यावर त्यांनी ही अख्खी माडी विकत घेतली आणि एक खण स्वतःला ठेवून बाकीचे भाड्याने दिले. एका माणसाला पाच खण कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "एकट्याच्या ऑफिसले चतुःसीमा काय? चारी बाजूनं भिंती. त्यात काय मजा? बाजूले मानूस पाहिजे."

माणसं त्यांनी मिळवलीही होती. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, बुलढाण्याहून बाजाराच्या दिवशी येणारे एक तरुण वकील, आणि आता मी. पाचवा खण येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला मोकळा. मध्ये पार्टिशन नव्हतं. काकांनी जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या आणि त्या पुसट झाल्या की स्वतः उकिडवे बसून पुन्हा ओढत. डॉक्टरांची खुर्ची रेघेवर आली तर वकील तक्रार करत, आणि काका फूटपट्टी घेऊन निवाडा द्यायला उठत. मला खिडकीचा खण मिळाला. स्वतः त्यांनी सगळ्यात अंधारा, जिना जिथं वर निघतो तिथला खण घेतला होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

माझी भाडेचिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस डॉक्टरांचं कपाट, दक्षिणेस भिंत, उत्तरेस जाण्या-येण्याची वाट. शेवटी "जिन्यावरून जाण्या-येण्याच्या हक्कासह" असं लिहिलं आणि त्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या. लिहिताना त्यांचा हात जरा थांबला होता. मला वाटलं, दौतीतली शाई संपली असेल.

माडीचा एकच नियम होता, पण तो विलक्षण होता. जिना खालच्या दुकानाच्या पोटातून वर जाई. दुकान ढेपवाल्या शेठचं; ढेप म्हणजे गुरांना घालायची सरकीची पेंड. सरकी आणि ढेपीच्या पोत्यांमधून वाट काढत जिन्याशी आलं की पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी थांबायचं, गादीकडे पाहायचं आणि विचारायचं, "येऊ का, शेठ?" शेठनं "या" म्हटल्यावर वर जायचं. काका स्वतः रोज विचारत. सकाळी विचारत, कचेरीतून आल्यावर विचारत, पान खायला खाली उतरले तर परत येताना विचारत. आम्ही भाडेकरूही विचारायचो. देऊळघाटचे शेतकरी कागद करायला येत, तेही आता शिकले होते. कोंबडी बगलेत धरून आलेली एक म्हातारी तर जिन्याशी हात जोडूनच उभी राहायची.

शेठ वैतागून जात. वजनदार माणूस, गुडघे धरलेले, गादीवरून उठणं जिवावर यायचं. "या ना हो! काऊन विचारता रोज रोज? म्या कधी नाही म्हनलो का?" असं ते पहिल्या पहिल्यांदा म्हणत. पुढे पुढे बोलणं सोडून नुसता हात वर करू लागले. तरी काका थांबायचे. हात वर झाला की मगच चढायचे.

तिसऱ्या महिन्यात एकदा मी हा नियम मोडला. एक मोठी नक्कल दुपारपर्यंत द्यायची होती आणि मला घरून निघायलाच उशीर झाला होता. खाली ढेपीची गाडी लागली होती, शेठ हमालांवर ओरडत होते. मी पोत्यांच्या आडून सरळ वर गेले. काका जिन्याच्या तोंडाशीच बसलेले. चष्मा कपाळावर गेला.

"ताई, विचारलं का?"

"शेठ कामात होते, काका."

"मंग मोकळे होऊ द्या त्याईले. खाली जा. विचारून या."

समोर पाच-सहा माणसं बसली होती. अपमानानं माझे कान तापले. मी तरातरा खाली गेले आणि गाडी रिकामी होईपर्यंत उभी राहिले. शेठचं लक्ष गेलं तेव्हा ते म्हणाले, "अवो बाई, तुमी तं आत्ताच वर गेल्या!"

"विचारायचं राहिलं होतं."

शेठ हसत सुटले. "तो मानूस पागल हाय. या, या!"

त्या दुपारी काकांनी आपल्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. राग जावा म्हणून असेल. पण कारण काही सांगितलं नाही. राग गेला आणि त्या जागी कुतूहल बसलं. हा माणूस माडीचा मालक, भाडं घेणारा, रजिस्ट्री कचेरीत साहेबसुद्धा ज्याला खुर्ची देतात असा. तो ढेपवाल्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या जागेत पाय ठेवत नाही. का? डॉक्टरांचं म्हणणं, शेठनं पूर्वी कधीतरी खोचक बोलून दुखावलं असेल, त्याचा हा सूड. वकील म्हणाले, कसला तरी नवस असावा. यजमान म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानातून जाताना विचारणं ही रीत आहे. तुला कशाला नसती उठाठेव?" रीत असेल. पण रीत पाळताना माणसाचा चेहरा इतका उतरत नाही, हे मी रोज पाहत होते.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. काका कोणाचाही कागद लिहीत असोत, वाट आधी विचारत. एकदा देऊळघाटचे दोन भाऊ शेताची वाटणी लिहून घ्यायला आले. सगळं ठरलं होतं. काकांनी विचारलं, "धाकट्यानं विहिरीवर कोठून जायाचं?" थोरला म्हणाला, "माह्या बांधावरून जाईल. तो काय परका हाय?" काकांनी लेखणी खाली ठेवली. "आज नाही परका. वाट लिहिल्याशिवाय मी कागद करत नाही." दोघं भाऊ चिडून उठून गेले आणि चहा पिऊन परत आले. वाट लिहिली गेली, लाल रेघांसकट. वाटेचं नाव निघालं की काका एखाद्या दुखऱ्या दाढेशी जीभ गेल्यासारखे गप्प होत.

आणि मग मी माडीवर आल्याच्या सातव्या की आठव्या वर्षी शेठच्या थोरल्या मुलाला सरकीचं तेल काढायचं मशीन घ्यायचं मनात आलं. दुकानात मशीन मावायला एकच अडचण होती, ती म्हणजे मधोमध उभा असलेला जिना. जिना काढला तर आम्ही संपलो. माडीच्या मागे दुसऱ्याची भिंत, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं, वर यायला दुसरीकडून फटसुद्धा नव्हती. शेठ मुलाला म्हणाले, जिना सामाईक असेल, असं कसं काढता येईल. मुलगा म्हणाला, कागद पाहू. तिजोरीतून खरेदीखत निघालं. शेठना वाचता यायचं ते सहीपुरतं. वाचायला अर्थात काकांनाच खाली बोलावलं, कारण तो कागद त्यांनीच लिहिलेला होता.

बाजाराचा दिवस होता. दुकान भरलेलं. डॉक्टर, वकील आणि मी जिन्याच्या पायऱ्यांवरच उभे राहून ऐकत होतो.

"वाचा काका," मुलगा म्हणाला. "तुमचंच अक्षर हाय. जिना दोघाईचा ना?"

काकांनी कागद हातात घेतला, पण पाहिला नाही. चष्मा कपाळावरच होता. पाठ असलेलं म्हणावं तसं ते म्हणाले, "सदर इमारतीचा तळमजला, ओटा व जिन्यासह." मग थांबून, "दोघाईचा नाही. जिना पुरा शेठचा हाय."

"अन् तुमच्या माडीच्या कागदात?"

"माह्या कागदात जिना नाही."

"काऊन?"

"लिहाचा राह्यला."

 मग एक हमाल फिसकन हसला. चार हात लांब बसलेल्या माणसाची पूर्व-पश्चिम सांगणारे चतुःसीमाकाका स्वतःचा जिना लिहायला विसरले! ही बातमी चहाची गाडी, रजिस्ट्री कचेरी आणि एस.टी. स्टँड अशी फिरून तासाभरात परत आमच्यापर्यंत आली.  शेठ मात्र कागदाची घडी घालून काकांकडे नुसते पाहत राहिले होते.

वर आल्यावर काकांनी पाणी मागितलं. मग सांगू लागले. माडी घेतली तेव्हा जुना मालक आधी माडी विकणार होता आणि मग खालचा भाग. आपल्या माडीचा कागद काकांनी वर, या माडीतच बसून लिहिला. "इतका आनंद होता ताई, का सरे खांब मोजले, आढे लिहिले, खिडकीचे गज लिहिले. वर बसून लिहिलं न. खाली बसून लिहिलं असतं तं पयला जिनाच लिहिला असता." पुढे महिन्याभरानं शेठचा कागद करताना मालक सांगत गेला, जे उरलं ते सगळं, ओटा, जिना, सगळं. जिना म्हटल्यावर काकांची लेखणी थांबली. चूक तिथं ध्यानात आली.

"त्या वक्ताले 'सामाईक' असं लिहिलं असतं, तं कोनाले समजलं असतं?" मी विचारलं. बोलता बोलता मीही त्यांच्यासारखीच बोलू लागले होते.

"कोनालेच नाही. पन सांगनारा सांगे तेच लिहाचं, हा आपला धंदा हाय. शेठनं जिन्यासह घेतलं. म्या जिन्यासह लिहिलं."

वकील आता पुरते तापले होते. "काका, दावा लावा. वर जायला दुसरी वाटच नाही, कोर्ट वाट देईल. आणि एवढी वर्षं जिना न विचारता वापरला असता, तर पुढे वहिवाटीनंच हक्क लागला असता. रोज 'येऊ का' म्हणून तुम्हीच कबूल करत आलात, की जिना तुमचा नाही!"

"मंग? नाहीच तं माहा."

 काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी कधी इतका केविलवाणा पाहिला नव्हता. "तुमच्या चिठ्ठीत म्या वाट लिहून देल्ली, ताई. जे आपलं नाही ते तुम्हाले देल्लं. म्हनून तुम्हाले बी विचाराले लावत होतो. मी तुमचा गुन्हेगार आहो." मला रडूच कोसळलं. त्या दिवशी जिन्यावरून मला खाली पाठवणारा माणूस आणि हा माणूस एकच होता, आणि मी त्याच्यावर रागावले होते. जिन्याच्या तोंडाशी, अंधाऱ्या खणात ते का बसत, तेही आता कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच लवकर आलो, पण कोणी आधी वर गेलं नाही. दुकानाबाहेर थांबलो. आत सुतार आला होता, त्याची करवत पोत्याला टेकून ठेवली होती. मुलगा त्याला जिन्याची लांबी दाखवत होता. काका नेहमीच्या वेळी आले. धोतर स्वच्छ, टोपी नीट. वहाणा काढून हातात घेतल्या, पोत्यांमधून जिन्याशी गेले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "येऊ का, शेठ?"

शेठनं हात वर केला नाही. काका उभेच. आम्ही दारात. माझं मशीन वर, खिडकीशी, झाकण घातलेलं. ते खाली आणावं लागलं तर ठेवायचं कुठं, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

"मी नाही म्हनलो असतो तं?" शेठनं विचारलं. "इतक्या वर्साईत एखांद्या दिवशी?"

"तं वापस गेलो असतो."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं असतं."

शेठ गादीवर हात टेकून कष्टानं उठले. मुलाला म्हणाले, "मशीन आपल्या घरच्या परसात बसव. तिथं छप्पर टाकू." मुलगा काहीतरी बोलायला गेला, तेव्हा शेठ त्याच्यावर खेकसले, "हा मानूस खोटं वाचता तं तुले समजलं असतं का, बे?" आणि मग काकांना म्हणाले, "या. अन् उद्यापासून विचारू नोका."

काका म्हणाले, "विचारीन," आणि वर गेले.

खरोखरच विचारत राहिले. आणखी कितीतरी वर्षं. फरक इतकाच, की आता चेहरा उतरत नसे, आणि शेठ हात वर न करता पूर्ण "या" म्हणत. गावानं काही दिवस "काका, जिना सापडला का?" म्हणून चिडवलं. पण आश्चर्य असं, की काकांकडची गर्दी कमी झाली नाही. जो माणूस आपल्याविरुद्ध जाणारा कागद जसाच्या तसा वाचतो, त्याच्याकडून कागद करून घ्यावा असं लोकांना वाटलं असेल. मीही त्यांच्याजवळ बसून दस्त लिहायला शिकले. वाट आधी विचारून, लाल रेघांसकट.

काका वारले ते एका हिवाळ्यात, देऊळघाटला आपल्या गावच्या घरी. फार आजारी नव्हते. मी भेटायला गेले होते तेव्हा खाटेवरून मला म्हणाले, "माह्या पूर्वेले तुमी बसा ताई, पश्चिमेले ऊन येते." मी पूर्वेला बसले. ती शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर मी माडीवर गेले. खाली कोणी नव्हतं, तरी जिन्याशी थांबून विचारलं आणि मग चढले. काकांच्या खणात पेटी तशीच होती. मी माझं मशीन उघडलं, पण बोटं चालेनात. तेवढ्यात जिन्याच्या खालून आवाज आला. जड, दम लागलेला.

"येऊ का, बाई?"

मला वाटलं भास झाला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. खाली पहिल्या पायरीशी शेठ उभे होते. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात त्यांचं ते जुनं खरेदीखत. जिना त्यांचा, दुकान त्यांचं, आणि गुडघ्यांमुळे जन्मात कधी ते वर आलेले नव्हते. ते पायरीवर पाय न ठेवता माझ्याकडे पाहत थांबले होते.

"या, शेठ," मी म्हणाले.

एकेक पायरी दम खात ते वर आले. काकांच्या पेटीपुढे बसले, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "जिना माडीच्या नावानं लिहून द्याचा हाय. त्याच्या पुतन्याले. तुमी लिहा."

मी मशीन बाजूला सारलं आणि काकांची लेखणी घेतली. शेठ सांगत गेले, मी लिहीत गेले. चतुःसीमा लिहून झाल्या. जिन्याखाली दोन रेघा मारायला लाल शाईची दौत उघडली, तर ती भरलेली होती.